छायाताईंचा उतार

स्वयंपाकघरातल्या डब्यांवर नावं चिकटलेली दिसली, त्या दिवशी छायाताई ढोबळे पहिल्यांदा खरोखर भडकल्या. तोवर त्यांनी बरंच गिळलं होतं. गाडीचा परवाना रद्द झाला तेव्हा त्या गप्प बसल्या. इतकी वर्षं चालवलेल्या शाळेच्या व्हॅनच्या किल्ल्या मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवून आल्या तेव्हाही गप्पच होत्या. पण मिठाच्या डब्यावर ठळक अक्षरांत 'मीठ' असं वाचलं आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

"हे कुणाचं काम?"

"निखिलनं सांगितलं, मी चिकटवलं," त्यांचे यजमान दिनकरराव म्हणाले. "तुला सोपं पडावं म्हणून."

"लग्न होऊन आले तेव्हापासून हे डबे मी भरतेय. मला मीठ कळत नाही होय? आणि हे काय? भगरीच्या डब्यावर साबुदाणा?"

दिनकररावांनी डबा उघडून आत पाहिलं, झाकण लावलं आणि पुन्हा उघडून पाहिलं. "दिसायला सारखंच असतं की," ते म्हणाले.

आठ वर्षांची दुर्वा खो खो हसली. आजीलाही हसू फुटणार होतं, पण तेवढ्यात नातीने रोजचा प्रश्न टाकला, "आजी, आज वार कोणता?" हा प्रश्न तिच्या बापाने, म्हणजे निखिलने, तिला शिकवून ठेवला होता. रोज सकाळी विचारायचा आणि उत्तर चुकलं तर त्याला सांगायचं.

"बुधवार. आणि तुझ्या बापाला सांग, काल रात्री टाकीची मोटर बंद करायला तोच विसरला होता."

हे सगळं एका आकड्यापायी चाललं होतं. शास्त्रज्ञांनी त्याला लांबलचक नाव दिलं होतं, पण बोरखळ तालुक्यात त्याला सरळ 'उतार' म्हणत. चावडीवर, लग्नमांडवात, किराणा दुकानात लोक एकमेकांना विचारत, "तुझा उतार किती आला?"

उतार म्हणजे काय, ते समजायला फारसं शिक्षण लागत नाही. वय वाढतं तसा प्रत्येकाचा मेंदू किंचित आकसतो. तुमचाही आणि माझाही. पण ज्याला पुढे स्मृतिभ्रंश व्हायचा असतो, त्याच्या मेंदूतला आठवणी सांभाळणारा भाग वेगाने आकसू लागतो, आणि तोही विसरायला सुरुवात होण्याच्या कितीतरी वर्षं आधी. दोनेक वर्षांच्या अंतराने एमआरआयमध्ये मेंदूची दोन चित्रं काढायची आणि दरवर्षी किती आकसला ते मोजायचं. तोच उतार. तो जास्त असला तर संकट अजून दाराबाहेर असतानाच कळतं.

गंमत अशी, की हे मोजमाप बरीच वर्षं जमतच नव्हतं. प्रत्येक केंद्रातलं यंत्र वेगळ्या कंपनीचं, वेगळ्या ताकदीचं. तेच डोकं एका शहरात किंचित मोठं दिसायचं, दुसऱ्या शहरात किंचित लहान. आजार वर्षभरात मेंदूत जेवढा फरक करतो, त्याहून मोठा फरक यंत्रायंत्रांत होता. मग देशभरातल्या केंद्रांनी एकत्र बसून नियम ठरवले आणि काही धडधाकट माणसं निवडली. ही 'प्रवासी माणसं' गावोगाव फिरून प्रत्येक यंत्रात झोपून आली. डोकं तेच, तरी चित्र वेगळं आलं तर तो दोष यंत्राचा. तेवढा वजा करायचा. अशा रीतीने सगळी यंत्रं एका मापावर आली. लाखो लोकांची चित्रं शेजारी-शेजारी ठेवता आली, आजाराची चाल उमगली आणि त्यातूनच औषध सापडलं. वर्षभर दर पंधरवड्याला सलाइनमधून द्यायचं औषध. विसरणं सुरू होण्याआधी घेतलं तर आजार बहुतेकांत जागच्या जागी थांबे.

औषधात एक मेख होती. काहींच्या मेंदूत त्याने बारीक रक्तस्राव होई, आणि त्यांतल्या काहींना तो महागात पडे. आजार असेल तर ही जोखीम घेण्यासारखी होती. नसेल तर तो नसता उद्योग.

आणि बोरखळ तालुक्याचा उतार सगळ्या राज्यात वाईट निघाला होता. त्यातही बायकांचा. वर्तमानपत्रांनी 'विसराळू तालुका' असं नाव ठेवून टाकलं. विहिरींचं पाणी तपासलं, फवारणीची औषधं तपासली, ज्वारीसुद्धा तपासून झाली. कशातच काही सापडलं नाही. पण मुलगी बोरखळची म्हटल्यावर पाहुणे चहाचा कप खाली ठेवू लागले. तिच्या आईचा उतार आधी विचारायचे, मग तिचं शिक्षण. उतार ठरावीक रेषेच्या पलीकडे गेला तर गाडी चालवायचा परवाना रद्द, असा नियमही झाला. छायाताई त्या रेषेच्या बऱ्याच पलीकडे होत्या. निखिलने खटपटी करून जिल्ह्याच्या केंद्रात त्यांच्या औषधासाठी संक्रांतीनंतरची तारीख मिळवली होती.

दिनकररावांचा उतार मात्र पोरासोरांसारखा. दोघं एकाच एसटीने गेले, एकाच यंत्रात झोपले, आणि चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणारा माणूस पास झाला होता. छायाताईंना याचा राग यायचा, आणि राग आला म्हणून वाईटही वाटायचं.

फोन आला तो पुण्याहून. सगळ्या केंद्रांचं मोजमाप जुळवणाऱ्या संस्थेतल्या डॉ. नसीमा मुजावर बोलत होत्या.

"छायाताई, आमची सगळी प्रवासी माणसं शहरातली आहेत. तुमच्या भागातलं कुणी यंत्रायंत्रांतून फिरलेलंच नाही. तुम्ही याल? चार शहरं आहेत."

"येते की. पण आधी मला एक सांगा. माझं डोकं बिघडलंय म्हणून बोलावताय, का मशीन बिघडलंय म्हणून?"

"तेच मला कळत नाहीये," नसीमाबाई म्हणाल्या. "म्हणून तर बोलावतेय."

हे उत्तर छायाताईंना आवडलं. इतक्या महिन्यांत 'मला कळत नाही' असं त्यांना कुणी म्हटलंच नव्हतं.

निखिलला मात्र हे काही पटेना. "आई, तू कुठं तरी चुकलीस म्हणजे? आम्ही कुठं शोधायचं तुला?"

"नांदेडपासून पणजीपर्यंत गाडी घेऊन गेलेली बाई आहे मी. चुकायला काय झालं?"

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती."

हे वाक्य त्यांना झोंबलं. पण पोराच्या डोळ्यांत भीती होती, खोटेपणा नव्हता, म्हणून त्या जास्त बोलल्या नाहीत. शेवटी तोडगा निघाला, की सोबत दिनकररावांनी जायचं. म्हणजे बरा आकडा असलेल्या माणसाने वाईट आकडा असलेल्या माणसाला सांभाळायचं. सांभाळणाऱ्याने पहिल्याच मुक्कामाला फोनचा चार्जर हरवला आणि हैदराबादला भलत्याच मजल्यावरच्या भलत्याच खोलीचं दार वाजवून तिथल्या पाहुण्यांची झोपमोड केली. छायाताईंनी त्यांची बाजू सावरली, माफी मागितली आणि त्यांना हाताला धरून खोलीवर आणलं.

प्रवास सगळा बसचा. छायाताईंना विमानाची हौस नव्हती आणि बसच्या खिडकीची होती. दर थांब्याला दिनकरराव उतरून चहा मारून येत. बायकोसाठी खिडकीतून पाण्याची बाटली वर धरत. "घे की घोटभर."

"नको. तुम्ही या वर, गाडी सुटेल."

हैदराबाद झालं, नागपूर झालं, मुंबई झाली. प्रत्येक ठिकाणी पहाटे उतरायचं, सकाळी यंत्रात झोपायचं आणि संध्याकाळी पुढची गाडी पकडायची. यंत्राचा ठकठकाट ऐकत छायाताई मनातल्या मनात शाळेच्या व्हॅनचा रस्ता म्हणत राहायच्या. आधी शिंदे वस्ती, मग कॅनॉलचा पूल, मग पाटलांची जुळी पोरं. एकही थांबा सुटत नसे. तरी मुंबईचं काम झाल्यावर नसीमाबाईंचा फोन आला तो आडवळणाचा नव्हता.

"ताई, खोटं बोलत नाही. तिन्ही यंत्रं एकच सांगतायत. तुमच्या केंद्रानं सांगितलं होतं तेच."

"म्हणजे मशीन चांगलं आहे."

"यंत्र चांगलं आहे," नसीमाबाई हळू आवाजात म्हणाल्या.

पुण्याची बस लागायला अवकाश होता. स्टँडवरच्या बाकावर छायाताई पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिल्या. इतके दिवस त्या सगळ्या जगाशी भांडत होत्या, कारण यंत्र चुकतंय याची त्यांना खात्री होती. आता भांडायला कुणी उरलं नव्हतं. त्यांना रडू आलं, आणि त्यांनी ते अडवलंही नाही.

"अहो, मी दुर्वाला विसरले तर हो? समोर आली आणि ओळखलंच नाही तर?"

दिनकररावांना असलं बोलायची सवय नव्हती. त्यांनी हातातला कागदी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "तू विसरलीस तर मी आठवण करून देईन. रोज देईन. मी कुठं जातोय?"

पुण्याच्या केंद्रात नसीमाबाई दारातच उभ्या होत्या. चाळिशीच्या, बारीक चणीच्या, गळ्यात ओळखपत्र आणि खांद्यावर डब्याची पिशवी. नियम असा होता, की प्रवासी माणसाची लागोपाठ दोन चित्रं काढायची, म्हणजे यंत्राचा भरवसा कळतो. पहिलं चित्र झालं आणि यंत्र थंड ठेवणारी यंत्रणा रुसून बसली. दुरुस्तीला दुपार होणार होती.

"चला, माझ्या खोलीत जेवून घेऊ," नसीमाबाई म्हणाल्या.

"जेवण होईल हो बाई. आधी सांगा, बाथरूम कुठंय?"

"इथंच. माझ्या खोलीलाच आहे."

छायाताई आत जाऊन आल्या. स्वच्छ, कडी असलेलं, नळाला पाणी असलेलं बाथरूम होतं. बाहेर येऊन त्यांनी टेबलावरचा जग उचलला आणि एकापाठोपाठ एक पेले पाणी प्यायल्या. मग दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली, नसीमाबाईंच्या डब्यातलं भरलं वांगं घेतलं, वर आणखी पाणी. नसीमाबाई तेव्हा फोनवर दुरुस्तीवाल्याशी हुज्जत घालत होत्या. फोन ठेवला तेव्हा जग रिकामा झाला होता.

दुपारी दुसरं चित्र निघालं. नसीमाबाईंनी आकडा पाहिला, चष्मा पुसला आणि गणित पुन्हा करायला लावलं. आकडा हलला नाही. सकाळपेक्षा छायाताईंचा मेंदू मोठा भरत होता. उतार जवळजवळ नाहीसा झाला होता.

"यंत्र बिघडलं असणार मॅडम, आत्ताच तर दुरुस्त केलंय," तिथला तंत्रज्ञ म्हणाला. म्हणून त्यांनी यंत्रात डोक्याऐवजी मोजमापाचा प्लास्टिकचा गोळा ठेवून पाहिला. गोळा सकाळएवढाच भरला.

"ताई," नसीमाबाई खुर्ची ओढून समोर बसल्या. "मेंदू काही तासांत वाढत नाही. सकाळपासून तुम्ही काय काय केलंत ते सगळं सांगा."

"काय करणार? जेवले. पाणी प्याले."

"त्याआधी पाणी कधी प्याला होतात?"

"काल दुपारी. बसमध्ये बसायचं होतं ना."

दिनकरराव हसले. "गाडीनं जायचं म्हटलं की ही आदल्या दिवसापासून पाण्याला शिवत नाही. आमच्याकडच्या सगळ्या बायका तसल्याच. मी आपला दर स्टँडला चहा घेतो."

"पण का?"

छायाताईंनी त्यांच्याकडे नवलाने बघितलं. "बोरखळच्या स्टँडवर बायकांचा संडास आहे, बाई. एकदा आत जाऊन बघा. मग कळेल का ते."

नसीमाबाईंना त्यांची आई आठवली. सांगलीला माहेरी जाताना पोरांना बाटलीतलं पाणी पाजणारी आणि स्वतः ओठ कोरडे ठेवून बसणारी आई. रमजानच्या दिवसांत संध्याकाळी आपलं डोकं कसं जड होतं, तेही आठवलं.

"मेंदू म्हणजे बहुतेक पाणीच असतं," त्या सावकाश सांगू लागल्या. "दिवसभर पाणी पोटात गेलं नाही, तर अंगाबरोबर मेंदूही जरासा सुकतो. पाणी प्यायलं की पुन्हा भरतो. त्यानं माणसाचं काही बिघडत नाही. पण चित्रात तो फरक एखाद-दोन वर्षांच्या म्हातारपणाएवढा दिसतो. हे मला माहीत होतं, ताई. मी हे शिकवते. पण आमची प्रवासी माणसं यायची ती मोटारीतून, हातात पाण्याची बाटली घेऊन. म्हणून आम्ही यंत्रं एका मापावर आणली आणि यंत्रात कोण कसं येऊन झोपतं ते विचारलंच नाही."

मग त्यांनी पडद्यावर बोरखळचा नकाशा उघडला. पहिल्या खेपेची चित्रं फिरत्या गाडीने काढली होती. गाडी गावातच यायची आणि बायका दुपारची जेवणं आटोपून घरून चालत जायच्या. दुसऱ्या खेपेला जिल्ह्याचं केंद्र सुरू झालं होतं, म्हणजे पहाटेची एसटी. पहिलं चित्र भरल्या पोटी, दुसरं कोरड्या अंगाने, आणि मधला फरक आजाराच्या नावावर. गाव जेवढं लांब तेवढा तिथल्या बायकांचा उतार जास्त होता. नकाशा केव्हापासून हेच सांगत होता.

"म्हणजे मी बरी आहे?" छायाताईंनी विचारलं.

"आज मी तसं म्हणणार नाही. नीट, पुन्हा मोजू. पण ताई, मला आशा आहे. खूप आशा आहे."

छायाताईंनी त्यांचा हात धरला आणि तो बराच वेळ सोडला नाही.

त्यानंतरचे महिने धावपळीचे गेले. देशातल्या सगळ्या केंद्रांच्या नियमावलीत नवं कलम आलं. चित्राआधी ठरलेलं पाणी प्यायचं, तासभर बसायचं, मग यंत्रात जायचं. त्याच्याच खाली नसीमाबाईंनी लिहिलं, की चित्रं काढायला येणाऱ्या लोकांच्या वाटेवरच्या प्रत्येक स्टँडवर बायकांसाठी स्वच्छ, पाण्याची सोय असलेला संडास हवा. समितीतल्या एका बड्या माणसाने विचारलं म्हणे, की मेंदूच्या चित्रांचा आणि संडासाचा काय संबंध. नसीमाबाईंनी त्याला छायाताईंची सकाळची आणि दुपारची चित्रं शेजारी-शेजारी दाखवली.

बोरखळच्या सगळ्या बायकांची पुन्हा चित्रं निघाली. काहींचा उतार खरोखरच जास्त निघाला आणि त्यांचं औषध सुरू झालं. बाकीच्या साऱ्याजणी रेषेच्या अलीकडे आल्या. छायाताईंचा आकडा त्यांच्या वयाला शोभेल असा होता. त्या दिवशी त्यांनी घरातल्या सगळ्या डब्यांवरची नावं खरवडून काढली, निखिलला समोर बसवून भरपूर ऐकवलं आणि मग त्याच्याच आवडीची पुरणपोळी केली. परवाना परत मिळाला. व्हॅनच्या किल्ल्या मुख्याध्यापक स्वतः घरी घेऊन आले.

थंडी पडू लागली होती तेव्हा एका दुपारी नसीमाबाई छायाताईंच्या गावी, करंजवाडीला आल्या. फोन न करता स्वतः आलेल्या पाहून छायाताईंनी दारातच विचारलं.

"माझं काही चुकलं का मोजण्यात?"

"तुमचं नाही, ताई. काकांचं."

दिनकरराव झोपाळ्यावर बसले होते. नसीमाबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं. गावात पहिली गाडी आली ती ज्वारीच्या काढणीत. दिनकरराव उन्हातून, शेतातून तसेच उठून गेले होते, घामाने निथळत. म्हणजे त्यांचं पहिलं चित्र कोरडं होतं. दुसऱ्या खेपेला ते दर स्टँडला चहा-पाणी घेत गेले. त्यामुळे मधल्या वर्षांत मेंदू आकसला तो दिसलाच नाही. जी चूक छायाताईंना आजारी ठरवत होती, तीच चूक दिनकररावांचा आजार झाकत होती. आता दोन्ही चित्रांतली पाण्याची तूट-भर धरून नीट हिशेब केल्यावर त्यांचा उतार रेषेच्या पलीकडे गेला होता.

छायाताईंना चष्मा आठवला, चार्जर आठवला, हैदराबादचं ते भलतंच दार आठवलं. या सगळ्याला त्या इतके दिवस हसल्या होत्या.

"भगर आणि साबुदाणा," दिनकरराव स्वतःशीच म्हणाले. "दिसायला सारखंच असतं की."

"काका, फार लवकर सापडलंय," नसीमाबाई म्हणाल्या. "हे औषध नेमकं याच वेळेसाठी आहे. ताईंच्या चित्रांतली ही गडबड सापडली नसती तर आणखी पाच वर्षं कुणाला कळलं नसतं. मग माझ्याकडे द्यायला काही नसतं."

निखिल उंबऱ्यात उभा होता. त्याचा चेहरा उतरला होता. "आता तारखेला सहा-सहा महिने लागतात," तो पुटपुटला.

"माझी तारीख रद्द केलीस का?" छायाताईंनी विचारलं.

"नाही. राहूनच गेलं. विसरलो."

"बरं झालं विसरलास. नुसतं नाव बदलून घे."

संक्रांतीच्या पुढच्या सोमवारी छायाताईंनी व्हॅन दारात लावली. शाळेने त्या दिवशी गाडी वापरायला दिली होती. दिनकरराव शेजारी बसले, दुर्वा हट्टाने मागे. छायाताईंनी पाण्याची बाटली उघडली, स्वतः अर्धी संपवली आणि उरलेली नवऱ्याच्या हातात दिली. बोरखळच्या स्टँडवर नवा संडास झाला होता. कालच त्यांनी आत जाऊन, कडी लावून, नळ सोडून पाहून घेतलं होतं.

"आजोबा, आज वार कोणता?" दुर्वाने मागून विचारलं.

दिनकरराव गोंधळून छायाताईंकडे बघू लागले. त्या नजरेत थोडी भीती होती. छायाताईंनी स्टिअरिंगवरचा हात काढून त्यांच्या हातावर ठेवला.

"सोमवार," त्या म्हणाल्या. "रोज विचारा, रोज सांगेन. मुंबईच्या स्टँडवर तुम्ही मला तसाच शब्द दिला होता."

"दिला होता?" दिनकररावांनी आठवून पाहिलं. "मी असं बोललो होतो? मला नाही आठवत, छाया."

"मला आठवतं," छायाताई म्हणाल्या आणि त्यांनी गाडी सुरू केली.